तोंड वाकडं करणाऱ्या बिअर

(शिरूर आणि दौंड इथे झालेल्या दोन व्याख्यानांचं एकत्रित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

व्याख्यानमालेत बिअरवर बोलायचं म्हटलं की काही भुवया वर जाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. ज्या महाराष्ट्रात गावातल्या बाया एकत्र येऊन, मतदान करून दारूचं दुकान बंद पाडू शकतात, 'उभी बाटली' की 'आडवी बाटली' हे चिन्ह पोरासोरांनाही माहीत असतं, तिथे हा विषय जपूनच मांडायला हवा. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो: कुणी पीत नसेल त्यानं प्यायला लागावं, असं आम्ही इथे एका शब्दानंही सुचवणार नाही. आमचा विषय चव आहे. त्यातही जी चव पहिल्या घोटाला नकोशी वाटते, ती.

जगात बिअरचे शंभराच्या आसपास प्रकार मोजले जातात. शिरूरच्या बायपासला किंवा दौंडला स्टेशनजवळ एखाद्या बिअर शॉपीच्या फ्रिजमध्ये डोकावलं तर दिसतं काय? पिवळी, चकचकीत, थंडगार लागर. एक माइल्ड, एक स्ट्राँग. नावं दहा, चव साधारण एक. भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी पाचातला चार हिस्सा स्ट्राँगचा असतो, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त, आठपर्यंत अल्कोहोल असलेली. मग उरलेले ते नव्वद-पंचाण्णव प्रकार गेले कुठे? ते आहेत. पुण्यात मायक्रोब्रूअरीत मिळतात, गोव्यात मिळतात. पण आपला माणूस तिथे जातो, हौसेनं एक ग्लास मागवतो, एक घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "हे खराब झालंय का हो?"

तर हा प्रश्न आपण आज गंभीरपणे घेऊ. खराब झालंय का? आणि झालं नसेल, तर आपल्या जिभेला तसं का वाटतं?

आधी जिभेचं बघू. गोड ओळखायला आपल्या जिभेवर एकच जोडगोळी आहे, दोन प्रथिनांची. कडू ओळखायला मात्र पंचवीसच्या आसपास वेगवेगळे संवेदक आहेत. एवढा बंदोबस्त कशाला? कारण निसर्गातली बरीचशी विषं कडू असतात. गोड लागलं की शरीर म्हणतं 'आत घे', कडू लागलं की म्हणतं 'थुंक'. आंबटाचंही थोडं तसंच, कच्चं किंवा नासलेलं असण्याची ती खूण. धुराचा वास म्हणजे कुठेतरी पेटलंय. गोठ्याचा वास म्हणजे हे अन्न नव्हे. म्हणजे ज्या चार चवींमुळे बिअर नकोशी वाटते, कडू, आंबट, धुरकट आणि गोठ्याच्या वासाची, त्या चारही शरीराच्या दृष्टीनं धोक्याच्या पाट्या आहेत. तोंड वाकडं होणं हा अडाणीपणा नाही, ती राखणदारी आहे.

आणि सगळ्यांची जीभ सारखी नसते, हेही लक्षात घ्या. १९३१ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एक पांढरी पूड बाटलीत भरत होते. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी कुरकुरला, की केवढं कडू आहे हे! फॉक्सना काहीच लागेना. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली, तरी काही नाही. पुढे कळलं, की ही पूड कुणाला कडूजहर लागते आणि कुणाला निव्वळ खडू, आणि हा फरक आईबापांकडून येतो. बिअरमधला कडवटपणा जिभेवरचे दुसरे संवेदक ओळखतात, पण मुद्दा तोच. शेजारी बसलेला मित्र जी बिअर आरामात पितो ती तुम्हाला असह्य होत असेल, तर तो तुमच्यापेक्षा शूर आहे असं नव्हे.

आता कडवटपणाकडे येऊ. बिअरमध्ये चार गोष्टी असतात: पाणी, मोड आणून वाळवलेला सातू म्हणजे माल्ट, यीस्ट आणि हॉप्स. हॉप्स ही वेलीची फुलं, हिरवी, पाकळ्यापाकळ्यांची. ती उकळली की त्यातली आम्लं बदलतात आणि कडू होतात. या कडूपणाचं एक माप आहे, आयबीयू. ढोबळमानानं एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू द्रव्य म्हणजे एक आयबीयू. आपल्या नेहमीच्या लागरमध्ये हा आकडा दहा ते पंधराच्या घरात असतो. आयपीए नावाच्या प्रकारात चाळीस, साठ, कधी त्याच्याही वर. म्हणजे काकडीची सवय असलेल्याच्या पुढ्यात एकदम कारलं.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया आहे म्हणून ही बिअर भारतात झाली असं वाटतं, पण तसं नाही. ती इंग्लंडमध्ये बनली आणि इथे आली. लंडनच्या पूर्वेला बो इथे जॉर्ज हॉजसन यांची ब्रूअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागत त्या गोदीच्या जवळ. जहाजांच्या कप्तानांना ते वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल देत, कप्तान तो मुंबई-कलकत्त्याला नेऊन विकत. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांचा प्रवास. हॉप्स जंतूंना रोखतात, म्हणून या बिअरमध्ये ते सढळ हातानं घालत. हॉजसन पुढे डोईजड झाले तेव्हा १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉपनं, मग बासनं बाजार काबीज केला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यानं हॉप्सची चव आणखी धारदार होते.

एक दंतकथा मात्र इथेच खोडायला हवी. 'भारतात बिअर टिकत नव्हती म्हणून आयपीएचा शोध लावला' असं जिथे तिथे सांगतात. खरं असं, की काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येत होती आणि व्यवस्थित टिकत होती. साहेब लोक पेल एल पीत, गोरे शिपाई पोर्टर पीत. शिरूरकरांनी हे ऐकून जरा कान टवकारावेत, कारण त्या काळात तुमच्या घोडनदीकाठी कंपनीची छावणी होती. कोरेगाव भीमाच्या लढाईला गेलेली तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथूनच निघाली. आणि त्याच १८१७ सालात लंडनमध्ये डॅनियल व्हीलर यांनी कॉफी भाजायच्या ड्रमसारख्या यंत्रात माल्ट काळाभोर भाजायचं पेटंट घेतलं. आज आपण जिला काळी बिअर म्हणतो तिचा करपट, कॉफीसारखा स्वाद त्या यंत्रातून आला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तारीख जुळली म्हणून सांगितलं.

दौंडचंही सांगतो. पुण्याहून सोलापूरकडे रेल्वे निघाली ती १८५० च्या दशकात, आणि दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा. जंक्शन झालं, रेल्वेची वसाहत झाली, गोरे आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्ड राहायला आले. तोवर जगाची चव बदलायला लागलेली होती. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्झेन गावी योसेफ ग्रोल या ब्रूअरनं सोनेरी, पारदर्शक, थंड पद्धतीनं आंबवलेली लागर काढली. तिच्या नकला जगभर पसरल्या, आणि प्रत्येक नकलेत कडूपणा थोडाथोडा कमी होत गेला. आपल्या फ्रिजमधली बाटली ही त्या नकलांची बरीच पुढची पिढी.

मग आयपीए आपल्याकडे परत कधी आली? अगदी अलीकडे. २००९ साली पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली, देशातल्या पहिल्या काही क्राफ्ट ब्रूअरींपैकी एक. या नावाची गंमत बघा. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत, आणि कंटाळून त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग आला. त्यातलं डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप.

आयपीएबद्दल आमचं मत विचाराल तर, आपल्या जेवणाशी तिचं जमत नाही हे तिच्या नावडीचं अर्धं कारण आहे. बिअर आपल्याकडे कशाबरोबर पितात? झणझणीत चकण्याबरोबर. उजनीच्या फुगवट्यावरची तळलेली चिलापी घ्या, वर लाल मसाला. अल्कोहोल तिखटाच्या संवेदकाला आणखी हळवं करतं, त्यात हॉप्सचा कडूपणा आणि वायूची चुणचुण. तोंडात जाळ होतो. माणूस म्हणतो बिअर वाईट. बिअर वाईट नसते, जोडी वाईट असते. हीच आयपीए खारवलेल्या शेंगदाण्यांबरोबर किंवा चीजबरोबर घ्या, एकदम वेगळी लागते. मीठ कडूपणा दाबतं. कारल्याला मीठ चोळून ठेवायचं आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

काळ्या बिअरवर, म्हणजे स्टाउट आणि पोर्टरवर, फार वेळ घालवत नाही, कारण तिथली अडचण चवीपेक्षा डोळ्यांची जास्त आहे. काळी म्हणजे जड, काळी म्हणजे कडक, असं आपण धरून चालतो. आयर्लंडच्या प्रसिद्ध गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के. आपल्या पिवळ्या स्ट्राँगमध्ये आठपर्यंत. हिशोब करा: आठ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल जातं. तेवढ्याच गिनेसमध्ये २७. रंग फक्त भाजण्याचा आहे. ज्यांना कोरा चहा, फिल्टर कॉफी किंवा तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीचा पापुद्रा आवडतो, त्यांना स्टाउट दुसऱ्याच ग्लासात आवडायला लागते.

आता धूर. जर्मनीत बांबेर्क नावाचं गाव आहे. तिथे राउखबिअर म्हणजे धुराची बिअर करतात. मोड आलेला सातू बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, आणि तो धूर शेवटपर्यंत बिअरमध्ये राहतो. नवखा माणूस पहिला घोट घेतो आणि त्याला वाटतं कुणीतरी आपल्या ग्लासात विझलेली चूल ओतली. त्या गावचे लोक सांगतात, घाई करू नका, तिसऱ्या ग्लासाला गोडी लागते. (तिसऱ्या ग्लासाला तशीही बऱ्याच गोष्टींची गोडी लागते, हा भाग निराळा.)

पण मंडळी, ही चव आपल्याला परकी असायला नको. शिरूर-दौंडच्या माणसाला धूर शिकवायचा? डिसेंबर-जानेवारीत तुम्ही शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवता, ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजता, हातावर चोळता, फुंकर मारून कोंडा उडवता आणि तो गरम हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाता. त्या हुरड्याला जो वास असतो तो गोवरीच्या धुराचाच. वांग्याचं भरीत गॅसवर भाजलं तर चव येत नाही, अशी तक्रार घरोघरी असते. ती तक्रार धूर कमी पडल्याचीच. भाजणीचा धूर आणि राउखबिअरचा धूर, दोन्हींत वास देणारी द्रव्यं एकाच कुळातली. फरक इतकाच, की हुरड्यात आपण त्या वासाची वाट बघत असतो, आणि ग्लासात त्याची अपेक्षा नसते. अपेक्षा चुकली की जीभ रागावते. पाणी समजून कुणी ताक तोंडाला लावलं तर क्षणभर तेही नासलेलं वाटतं.

आणखी एक गोष्ट. फार पूर्वी धुराची चव हा खास प्रकार नव्हताच. सातू उघड्या जाळावर वाळवत, त्यामुळे बऱ्याच बिअर कमीअधिक धुरकट असत. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून धुराविना वाळवणं जमू लागलं, तेव्हा धूर 'दोष' ठरला. बांबेर्कच्या दोन-तीन घराण्यांनी तो सोडला नाही, एवढंच. म्हणजे कुठली चव नेहमीची आणि कुठली विचित्र, हे बऱ्याचदा भट्टी ठरवते.

आता आंबट. इथे आम्ही जरा जास्त रेंगाळणार आहोत, कारण आमच्या मते हा आपल्या भागाचा खरा विषय आहे.

आंबील किती जणांच्या घरी होते? दौंडला हा प्रश्न विचारला तेव्हा वर आलेले हात बहुतेक पन्नाशीच्या पुढचे होते. ज्वारीचं किंवा बाजरीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं. सकाळी ते आंबलेलं असतं. पाण्यात शिजवायचं, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. उन्हाळ्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. त्यात आंबटपणा येतो तो लॅक्टिक आम्लाचा, दह्या-ताकात असतो तोच. अल्कोहोल जवळजवळ नाही.

आता जर्मनीतल्या लाइपझिग शहरात या. तिथली गोझे नावाची बिअर. गहू आणि सातू, त्यात लॅक्टिक आंबटपणा, वरून मीठ आणि धणे. आंबट, खारट, धण्याचा वास! जर्मन माणसानं ग्लासात ओतलेला मठ्ठाच म्हणा. लाइपझिगमध्ये गोझे मिळणारी एक जुनी खाणावळ आहे, तिचं नावच मुळी 'ओने बेडेंकन', म्हणजे 'मनात शंका न आणता'. हे पिण्याजोगं आहे का, असं गिऱ्हाइकं विचारत असणार, हे त्या नावातच आलं. आणि गिऱ्हाइकांची शंका शेवटी जिंकलीच. महायुद्धं झाली, चव बदलली, पिवळी लागर स्वस्त झाली, आणि १९६६ मध्ये गोझे बनणं थांबलं. एका शहराची काही शतकांची चव, बंद. १९८० च्या दशकात काही हट्टी माणसांनी ती जुन्या लोकांना विचारून, आठवणींवरून पुन्हा उभी केली. आज अमेरिकेपासून भारतापर्यंत ब्रूअर तिच्या नकला करतात. पण मधली वीस वर्षं ती नव्हती, आणि तिची चव माहीत असलेली माणसं आणखी वीस वर्षांनी राहिली नसती.

याहून आंबट म्हणजे बेल्जियमची लाम्बिक. हिच्यात यीस्ट घालतच नाहीत. थंडीच्या महिन्यांत सातू-गव्हाचा उकळता अर्क एका उथळ, रुंद, उघड्या भांड्यात ओतून रात्रभर निवत ठेवतात. दौंड तालुक्यातल्या माणसाला हे चित्र लगेच दिसेल: गुऱ्हाळात काहिलीतला पाक वाफ्यात ओततो ना, तसं. खिडक्या उघड्या. बाहेरची हवा, छपराच्या लाकडातले जंतू, जे काय पडायचं ते त्यात पडतं. सकाळी ते लाकडी पिंपात भरतात आणि एक, दोन, तीन वर्षं विसरतात. त्या काळात आत एकामागून एक जंतूंच्या पिढ्या नांदतात. मध्ये एक वेळ अशी येते, की बिअर तेलासारखी तार धरते आणि कुणीही म्हणेल टाकून द्या. मग ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट हळूहळू ती तार खाऊन टाकतं. हे यीस्ट १९०४ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी ओळखलं. त्याची खूण म्हणजे वास. घोड्याचा तबेला, ओलं चामडं, गोठा. वाइनवाले या यीस्टला घाबरतात, लाम्बिकवाले त्याच्यावर जगतात.

हा वास आवडणं शक्य आहे का? आम्ही म्हणू, शहरातल्या माणसापेक्षा तुम्हाला सोपं आहे. ज्याला गोठा हा शब्द ऐकून धारोष्ण दूध आठवतं आणि ज्याला नाक दाबावंसं वाटतं, त्या दोघांची नाकं एकच आहेत, पण आठवणी वेगळ्या आहेत. वासाचं बरंचसं काम आठवणीच करते.

आता ज्वारी. दक्षिण आफ्रिका, झांबिया, झिंबाब्वे या भागांत ज्वारीची बिअर शेकडो वर्षांपासून करतात. ज्वारीला मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे, आंबू द्यायचं, शिजवायचं, पुन्हा आंबवायचं. जे तयार होतं ते पारदर्शक नसतं. दाट, गढूळ, गुलाबीसर, आंबट. घोटाबरोबर पिठाचे कण तोंडात येतात. अल्कोहोल दोन-चार टक्के. चिबुकू नावानं ती कागदी खोक्यात विकतात. खोक्यातही आंबणं चालूच असतं, आणि तळाला बसलेला साका वर यावा म्हणून प्यायच्या आधी खोकं हलवावं लागतं. युरोपातला पर्यटक एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवतो. आपल्या आंबील प्यायलेल्या आजीला दिलं असतं तर ती म्हणाली असती, "जरा मीठ कमी पडलंय."

नायजेरियानं तर १९८८ मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या ब्रूअरींना ज्वारी-मक्यावर यावं लागलं. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांनी, ज्वारीची बिअर होत नाही म्हणणाऱ्यांनी, दोन-चार वर्षांत ती करून दाखवली.

मग शिरूरला का नाही? हा प्रश्न दोन्हीकडे आला, तर त्याचं नीट उत्तर देतो. एक, घरी करायला जाऊ नका. कायदा तर आहेच, पण ज्वारीच्या कोंबात आणि कोवळ्या पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, ते यामुळेच. दाण्यात ते नसतं, म्हणून हुरडा खुशाल खा. पण मोड आणले की ते येतं, आणि ते काढायला वाळवणं, कोंब मोडून टाकणं नीट यावं लागतं. दोन, सरकारनं २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण आणलं होतं, तेव्हा 'खायच्या ज्वारीची दारू करणार का' म्हणून मोठा वाद झाला. तो राग आम्हाला योग्य वाटतो. बिअरसाठी ज्वारी पिकवा, असं म्हणायला आम्ही इथे आलेलो नाही.

आमची काळजी वेगळी आहे. मुठेच्या कालव्याचं पाणी दौंडला आलं, चासकमान आणि घोडचं पाणी शिरूरला आलं, आणि ऊस आला. पाटसचा, न्हावऱ्याचा कारखाना आला. पैसा आला, चांगलं झालं. पण हुरड्याची गूळभेंडी ज्वारी आता किती बांधांवर उभी असते? आंबील कुणाच्या घरी होते? हे सगळं आंबट, धुरकट, गढूळ, खरखरीत खाणं ज्या पिढीच्या जिभेवर होतं, ती पिढी समोरच्या खुर्च्यांवर बसली आहे. तिच्या नातवाला गोड आणि थंड एवढं दोनच कळतं, मग ते कोल्ड्रिंक असो की स्ट्राँग बिअर. लाइपझिगला चव परत आणायला निदान जुने लोक होते विचारायला.

हे जमतं कसं, नावडती चव आवडती होते कशी, तेही सांगतो. लहान मुलांच्या खाण्यावर झालेल्या अभ्यासांत असं दिसतं, की नवी भाजी आठ-दहा वेळा, थोडी थोडी, जबरदस्ती न करता पुढे आली की नकार मावळतो. शरीराला पुरावा हवा असतो, की हे खाल्लं आणि काही झालं नाही. गुढीपाडव्याला कडुनिंबाची चटणी वर्षातून एकदाच देतात, म्हणून ती कधीच आवडत नाही. मेथी दर आठवड्याला होते, म्हणून आवडते. बर्लिनमध्ये आंबट पांढऱ्या बिअरमध्ये रास्पबेरीचं सरबत घालून देतात. शिष्ट लोक नाक मुरडतात, पण आम्हाला त्यात गैर काही दिसत नाही. आपण ताकात साखर घालतोच की.

थंडपणाबद्दल एका श्रोत्यानं विचारलं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बर्फासारखी बाटली हवीशी वाटणं साहजिक आहे. पण थंडीनं वास मरतो. लागरला लपवण्यासारखं फार नसतं, ती चार अंशाला चालते. स्टाउट, राउखबिअर, लाम्बिक या आठ-दहा-बारा अंशाला प्यायच्या असतात. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवली तरी पुरे. नाहीतर नुसता कडूपणा किंवा आंबटपणा लागतो आणि बाकीचं काही कळत नाही.

शेवटचा प्रश्न पुन्हा सुरुवातीचाच होता: "पण ती खरंच खराब झालेली असली तर?" असू शकते, हो. हॉप्सना ऊन सोसत नाही. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतली बिअर थोडा वेळ उन्हात राहिली की तिला कुबट, उग्र वास येतो. तपकिरी काच तो बराच अडवते, कॅन पूर्ण अडवतो. टेम्पोतून उतरवलेली क्रेट दुकानाच्या ओट्यावर दुपारभर पडली असेल तर दोष ब्रूअरचा नाही. आयपीएचं तर आणखी नाजूक. तिचा संत्र्या-आंब्यासारखा वास उकाड्यात दोन-तीन महिन्यांत उडून जातो, कडूपणा मात्र तसाच मागे राहतो. लहान गावात ज्यानं पहिली आयपीए प्यायली आणि नाव टाकलं, त्यानं बहुधा अशीच शिळी प्यायलेली असते. तेव्हा बाटलीवरची भरल्याची तारीख बघा, आणि तीन महिन्यांपलीकडची असेल तर परत ठेवा. तीन वेगवेगळ्या वयांच्या लाम्बिक मिसळून बाटलीत भरलेली जी ग्यूझ असते, तिच्यावर मात्र काही ब्रूअर वीस वर्षांपुढची तारीख छापतात. ती तळघरात आडवी ठेवतात, आणि तिथे ती आंबत राहते.